खिळ्यावर न लागलेलं कार्ड

सदा,

तुझ्या तेराव्याला फोटोला हार घालायला मी स्टुलावर चढलो आणि स्टूल सरकलं. तुमच्या हॉलमधल्या त्या नव्या, चकचकीत लाद्या. मी एका हाताने तुझी फ्रेम धरली, दुसऱ्याने खिडकीचा गज, आणि असा तिरपा लोंबकळत राहिलो की तुझ्या मावसभावाला माझी कंबर धरून मला उतरवावं लागलं. खोलीत बारा-पंधरा माणसं. सगळी माना खाली घालून बसली होती आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. नीतावहिनींनीसुद्धा पदर तोंडाला लावला, आणि तो रडण्यासाठी नव्हता. मी सवयीने तुझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं मी कुठेही आपटलो की आधी तुझ्याकडे बघत आलोय, कारण पुढच्या क्षणी तू चष्मा कपाळावर सरकवून गंभीरपणे सांगणार, की यात विलासची चूक नाही, लादीचीही नाही, दोघांच्या मध्ये जे असायला हवं होतं ते कमी पडलं. तू फोटोत होतास. चष्मा नाकावरच होता.

मग मला बोलायला सांगितलं. साहजिक आहे. कांदिवलीपासून दहिसरपर्यंत कुणाचं लग्न असो, साठी असो, सोसायटीचा गणपती असो, माइक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. मी नाही म्हणालो. मावसभावाला वाटलं मी फार खचलोय. त्याने लिंबू सरबत आणून दिलं. खरं कारण तुला माहीत आहे. तुझ्याबद्दल चारचौघांत मी शेवटचा बोललो त्याला वर्ष होत आलं, आणि ते बोलणं अजून संपलेलं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, सदा. एका इंग्रजी विशेषणावरचं.

जरा थांब. वाचणाऱ्यांना यातलं काही कळायचं नाही, त्यांना आधी सांगून घेतो. तुला अर्धवट सांगितलेलं चालत नाही.

तर मंडळी, सदा भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी इंग्रजी. शाळा कांदिवलीतली, मराठी माध्यमाची, पण आठवीपासून विज्ञान इंग्रजीतून. आमच्या पोरांना घर्षण काय ते चांगलं ठाऊक होतं; जिन्याच्या कठड्यावरून घसरताना चड्ड्या फाडून घेतलेली पोरं ती. पण तीच गोष्ट इंग्रजीत समोर आली की तोंडं शिवल्यासारखी. म्हणून दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही प्रयोगशाळेत बसून एका शब्दाचं एक कार्ड करायचो. वर शब्द. त्याखाली अर्थ. मग तो शब्द कोणाबरोबर चालतो, आणि कुठे चालत नाही. शेवटी दोन वाक्यं, एक सदाचं, एक माझं. खाली दोघांच्या सह्या, म्हणजे एक ‘स’ आणि एक ‘वि’. दोन्ही सह्या झाल्या की कार्ड प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर आठवडाभर लटकायचं. एकमत झालं नाही, तर ते लाकडी खोक्याच्या खालच्या कप्प्यात जायचं आणि मी म्हणायचो, "राहू दे." त्यावर सदा म्हणायचा, "शुक्रवारी बघू." खालच्या कप्प्यातला शब्द पोरांसमोर काढायचा नाही, त्यानेही नाही आणि मीही नाही. असं एकोणीस वर्षं.

झालं सांगून. आता आपण दोघंच.

तुला ते टेलिफोन डिरेक्टरीचं आठवतं का? आठवत असणारच, माझ्याकडून निदान शंभरदा ऐकलंयस. दोन जुन्या जाडजूड डिरेक्टऱ्या तू कुठल्या तरी रद्दीवाल्याकडून आणल्यास आणि दोन दिवस मधल्या सुट्टीत बसून दोन्हींची पानं एकात एक घातलीस, हिचं एक, तिचं एक, पत्ते पिसल्यासारखी. गोंद नाही, दोरा नाही. मग मैदानात रस्सीखेच. एका बाजूला पीटीचे सर, दुसऱ्या बाजूला दहावीची चार दांडगी पोरं, आणि समालोचनाला अस्मादिक. काय रंगलो होतो मी त्या दिवशी. पीटीच्या सरांची मानेची शीर फुगली, त्यांनी बूट मातीत रोवले, डिरेक्टऱ्या हलल्या नाहीत, आणि शेवटी पुठ्ठा फाटून ते मागच्या मागे बसले. अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती आणि तू मात्र एका आठवीतल्या मुलीला हळू आवाजात सांगत होतास की एकेक पान अगदी थोडं धरतं, इतकं थोडं की बोटाने सोडवता येईल.

त्या आठवड्यात ‘फ्रिक्शन’चं कार्ड दहा मिनिटांत लागलं. पुढच्या शुक्रवारी मी ‘फ्रिक्शनल’ काढला, म्हटलं हाही सुटेल चुटकीसरशी. तू अर्थ लिहिलास: घर्षणाचा, घर्षणामुळे झालेला. चालतो कोणाबरोबर: बल, उष्णता, ऊर्जेची घट. तुझं वाक्य होतं बसच्या ब्रेकचं. माझं वाक्य असं होतं, की त्या दोघा भावांचे संबंध जरा फ्रिक्शनल आहेत. मी झोकात सही ठोकली आणि पेन तुझ्याकडे दिलं.

तू पेन घेतलंच नाहीस. म्हणालास, असं म्हणत नाहीत. हा शब्द एखादी गोष्ट कशातून आली ते सांगतो. ती कशी आहे, कशी वाटते, ते सांगत नाही. फरशी खरखरीत असते, फ्रिक्शनल नसते. दोन भावांमध्ये फ्रिक्शन असू शकतं, तिथपर्यंत ठीक, पण हे विशेषण माणसांना लावलं की माणूस उपकरणासारखा वाटतो. मी म्हटलं, इंग्रजी मी शिकवतो. तू म्हणालास, म्हणून तर काळजी वाटते. मी पुन्हा तोंड उघडलं तसा तू मालवणीवर आलास, "गप रव रे", आणि तू मालवणीवर आलास की निकाल लागला असं समजायचं. कार्ड खालच्या कप्प्यात गेलं.

तिथून ते कितीदा वर आलं आणि परत खाली गेलं. एकदा मी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून ‘फ्रिक्शनल अनएम्प्लॉयमेंट’ शोधून काढलं आणि प्रयोगशाळेत अक्षरशः नाचत शिरलो. बघ, माणसांनाही चालतो. तू ते पान दोनदा वाचलंस. मग शांतपणे म्हणालास, की यात बेकारी फ्रिक्शनल आहे, बेकार माणूस नाही. आणि अर्थ नीट वाच: एक नोकरी सुटली आणि दुसरी मिळायची आहे, त्यामधल्या काळाची बेकारी. दुसरी मिळणारच नसेल तर तिला दुसरं नाव आहे. कार्डावर ‘चालतो कोणाबरोबर’ या रकान्यात तू ते प्रामाणिकपणे लिहिलंस. सही केली नाहीस.

एवढं काय त्या सहीचं, असं कुणी विचारेल, म्हणून स्पिरिटच्या बाटलीची गोष्ट सांगतो. आजवर कुणाला सांगितली नव्हती; माझी फजिती मी सहसा स्वतः वाढवून सांगतो, पण ही नाही. मी अख्ख्या नववीला शिकवून आलो होतो की ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं. पुढे ‘इन’ लागलंय ना, मग उलटं झालं, संपलं. ते तू जिन्यात उभा राहून ऐकलंस. त्या दिवशी काही बोलला नाहीस, दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी मी आलो तर टेबलावर कोरं कार्ड, वर तोच शब्द, आणि शेजारी स्पिरिटची बाटली, लेबल माझ्याकडे करून ठेवलेली. त्यावर तोच शब्द आणि खाली लाल ज्वाळेचं चित्र. तू खिडकीबाहेर बघत होतास. मी कार्ड भरलं, सही केली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ऐटीत म्हणालो की त्या दिवशी मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, कोण पकडतंय ते बघत होतो. तू दाराशी उभा होतास. एका मुलाने विचारलं, खरंच का सर? तू मान हलवलीस. एवढा काटेकोर माणूस, माझ्यासाठी खोटी मान हलवलीस.

एकोणीस वर्षांत तू मला कुणासमोर एकदाही चुकीचा ठरवला नाहीस. आणि मी तुझ्या बाबतीत काय केलं, ते आता लिहितो.

शाळेने मध्ये इंग्रजी माध्यमाचा विभागही काढला होता; तो भरत गेला आणि मराठी विभाग बंद झाला. शेवटच्या दहावीत अकरा पोरं होती. मला इंग्रजी विभागाने ठेवून घेतलं, कारण इंग्रजी काय, कुठेही लागतं. विज्ञानाचे शिक्षक त्यांच्याकडे होतेच, तुझी जागा गेली. निरोप समारंभाला हॉल भरलेला, माजी विद्यार्थी लांबून लांबून आलेले, तुझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि माइक माझ्याकडे. लोक रडायला लागले होते. रडणारा हॉल मला सहन होत नाही, तुला माहीत आहे. मला तो हसवावाच लागतो. आणि माझ्या तोंडून आलं: "सदासर काही बेकार झालेले नाहीत. ते फक्त फ्रिक्शनल झालेत. थोडं घासून निघतील, की पुन्हा गुळगुळीत."

हॉल कोसळला. तूसुद्धा हसलास. मी पाहिलं ना, दात दिसले तुझे. मला वाटलं, वा, काय वेळेवर सुचलं.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी तू मला गाठलंस. नारळ अजून हातातच होता.

"विल्या, वापर चुकला."

"अरे गंमत केली यार."

"गमतीचं नाही बोलत मी. शब्द सहीशिवाय बाहेर गेला."

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, शाळाच संपली, आता कसली सही घेऊन बसलास. तू नारळ या हातातून त्या हातात घेतलास.

"शाळा माझी संपली. तुझी नाही."

हे बोलून तू शिपायांना, स्वयंपाकाच्या बायकांना भेटायला निघून गेलास, एकेकाला हात जोडत. मी तिथे उभा होतो. त्याच वेळी तुझ्यामागे चार पावलं यायला हवं होतं. चार पावलं, सदा. मी मात्र मनातल्या मनात मुद्दे काढत होतो: हे विशेषण माणसाला लावता येतं की नाही, लाक्षणिक अर्थ चालतो की नाही.

पुढचे दहा-अकरा महिने मी तेच करत राहिलो. दर रविवारी चारकोपला तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर कॅरम होता तो होताच. तू कधी चुकवला नाहीस. पावडर टाकणं तुझं खातं. बोर्डावर चिमूट फिरवून तू तळहाताने पुसून घ्यायचास, आणि मी म्हणायचो, डॉक्टर, ऑपरेशन सुरू करा. मी इंग्रजी पेपरातलं कात्रण आणायचो, कुणी तरी कुठे तरी दोन माणसांच्या नात्याला फ्रिक्शनल म्हटलेलं. तू लाल पेनाने गोल करून परत द्यायचास: "छापलंय म्हणून बरोबर होत नाही." मी सोमवारी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचो, वेगवेगळ्या आवाजांत, न्यायाधीश, वकील, पट्टेवाला, सगळे मीच. तू उत्तराला एक शब्द पाठवायचास: नाही. मला तर मजा येत होती. मला वाटत होतं आपण खेळतोय, जसे नेहमी खेळतो. मधून मधून विचारायचो, नोकरीचं काय? तू म्हणायचास, बोलणी चालू आहेत. दहिसरच्या एका मुलीची शिकवणी घ्यायला तू बसने जायचास, ते मला कळलं होतं. त्यावर मी काहीतरी कोटी केली होती. ती आता आठवत नाही, हे एक बरं.

तेराव्याची माणसं गेल्यावर नीतावहिनींनी मला थांबवून घेतलं. चहा टाकला. त्या म्हणाल्या, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, ह्यांनी सांगू दिलं नसतं. मग त्यांनी सांगितलं.

बोरिवलीत आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे क्लासेस आहेत. तीन मजली, काचेचे. त्याने तुला बोलावलं होतं, शिकवायला. तू शर्टाला स्वतः इस्त्री केलीस, खडूची पेटी घेऊन गेलास. वहिनी म्हणाल्या, तिथे खडू चालत नाहीत सांगितलं तरी घेतली. तो मुलगा केबिनच्या दारापर्यंत उठून आला, तुझ्या पाया पडला, आणि आपल्या माणसांना हाक मारून म्हणाला, या या, बघा कोण आलंय, आमचे फ्रिक्शनल सर. माझ्या भाषणाचा तो तुकडा कुणी तरी फोनवर घेतला होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कित्येक महिने फिरत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, प्रेमानेच म्हणाला. सगळे हसले. तू पाणी प्यायलास, बरं नाही वाटत म्हणालास, आणि निघालास. न बसता.

"घरी येऊन काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाले, त्या मुलाने शब्द बरोबर वापरला नाही. माझ्या हाताखालून गेलेला मुलगा, म्हणाले, आणि वापर चुकला."

मी कप खाली ठेवला. मला वाटलं आता त्या मला बोलतील. मला तेच हवं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना नीट विचारायला हवं होतं भावजी. कॅरमला तर येत होतात." आणि उठून आतून लाकडी खोका घेऊन आल्या. प्रयोगशाळा रिकामी करताना तू तो घरी आणला होतास. ह्यांनी सांगितलं नव्हतं कुणाला द्यायचा ते, म्हणाल्या, पण दुसऱ्या कुणाला देणार.

खोका मी घरी आणून दोन दिवस उघडला नाही. मी, ज्याला लग्नाची पाकिटं मंडपातच फोडायची घाई. मग काल दुपारी घरात कुणी नसताना उघडला. वरचा कप्पा गच्च. एकेक कार्ड, खिळ्याच्या भोकासकट. खालच्या कप्प्यात चारच कार्डं होती. एकोणीस वर्षांत आपलं जमलं नाही असे फक्त चार शब्द. सगळ्यांत वर ते.

खरं सांगतो, मला वाटलं होतं तू काही तरी लिहून ठेवलं असशील. शिवी चालली असती. मागे पलटून बघितलं, कोरं. उजेडासमोर धरलं, खोडलेल्या अक्षरांचे ठसे आहेत का ते चाचपलं. काही नाही. तुझं बसचं वाक्य, माझं दोघा भावांचं वाक्य, माझा झोकदार ‘वि’, आणि शेजारी तुझ्या सहीची रिकामी जागा. ज्या शुक्रवारी आपण ते ठेवलं त्या शुक्रवारचं जसंच्या तसं. इतका वेळ होता तुझ्याकडे, सदा. इतक्या दुपारी. एक ओळ लिहिली असतीस तर मी तिच्याशी भांडलो तरी असतो. आता मी कोणाशी बोलू? माझं हे सगळं बोलणं, आवाज काढणं, नकला, हे सगळं मी हॉलसाठी करतो असं लोक समजतात. मी ते तिसऱ्या रांगेत डावीकडे बसलेल्या एका माणसाला दाखवायला करायचो, जो चष्मा वर सरकवून ठरवायचा की आज विल्याला किती मार्क. ती खुर्ची आता रिकामी राहील, मग मी माइक घेऊन काय करू.

मी पेन घेतलं. माझं वाक्य खोडलं. सरळ रेघ मारून, खालचं वाचता येईल असं, तू खोडायचास तसं. ‘कुठे चालत नाही’ हा रकाना इतकी वर्षं भांडणापायी कोराच राहिला होता. तिथे लिहिलं: माणसांना लावायचा नाही. नोकरी गेलेल्या माणसाला तर नाहीच, आणि तो मित्र असेल तर हसत हसतही नाही. मग माझ्या वाक्याच्या जागी इंग्रजीत एक साधं वाक्य लिहिलं, तळहात एकमेकांवर चोळल्यावर होणाऱ्या उष्णतेचं. हिवाळ्याच्या सकाळी पहिल्या तासाला तू सगळ्या वर्गाला ते करायला लावायचास आणि मग त्याच हातांनी गाल धरायला सांगायचास. वाक्य बरोबर आहे. माझी खात्री आहे, पण तू तपासलेलं नाही.

खाली मी नव्याने ‘वि’ काढला. लहान, झोक न देता.

तुझा ‘स’ मला डोळे मिटून काढता येतो. तू उशिरा यायचास तेव्हा मस्टरवर कितीदा काढलाय. पेन त्या जागेपर्यंत नेलंही. मग ठेवून दिलं.

आज शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर खिळा अजून आहे. त्यावर कुणाची तरी छत्री लटकत होती. शिकवण्याचे दोन तास झाले, पोरांना हसवलं, घरी आलो. कार्ड टेबलावरच होतं. शाई वाळली होती. सही एकच आहे म्हणजे ते कुठे जातं हे मला तू शिकवलंयस. खालचा कप्पा ओढला, कार्ड आत सरकवलं, आणि "राहू दे" म्हणालो. त्याच्या पुढचं नेहमी तू म्हणायचास. मी थांबलो, आणि मग कप्पा लावला.